दुनळी १२ बोअर: अस्वलाच्या रानात काजू करणाऱ्याचा रिव्ह्यू

काजूचा सीझन तोंडावर आला की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कोणी ना कोणी विचारतंच, डोंगरावर अस्वल फिरतंय म्हणे, बंदूक कुठली घेऊ? मी वडिलांच्या ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीच्या जागी दुनळी १२ बोअर घेतली त्याला आता बरेच पावसाळे झाले, म्हणून लोक मलाच विचारतात, आणि दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. बंदूक म्हणून दुनळी मस्त आहे, माझे पाचपैकी साडेचार. अस्वलापासून बचाव म्हणून विचाराल तर जेमतेम दोन, आणि ती चूक बंदुकीची नाही.

आधी बंदुकीबद्दल बोलू. दुनळी म्हणजे शेजारी शेजारी दोन नळ्या आणि दोन चाप, आणि १२ बोअर हे नळीच्या भोकाचं माप. दुकानात गेलात की पंप अॅक्शन दाखवतात, तिच्यात काडतुसं जास्त बसतात, खटॅक खटॅक आवाज पण पिक्चरसारखा येतो, पोरांना तीच आवडते. मला पणजीतल्या एका दुकानात (नाव घेत नाही) भाऊ अर्धा तास तीच घ्या म्हणून मागे लागला होता. पण पंपला दर वेळी बार उडवल्यावर हात मागेपुढे पूर्ण ओढावा लागतो आणि घाबरलेला माणूस तो अर्धवट ओढतो, मग काडतूस अडकतं आणि तुम्ही रानात बंदुकीकडे बघत बसता. दुनळीत असलं काही नाही. एक काडतूस फुसकं निघालं तर बोट दुसऱ्या चापावर न्यायचं, बस. आणि आमच्याकडे काडतूस फुसकं निघतंच, कारण जून ते सप्टेंबर घरात मीठसुद्धा पाणी सोडतं तिथे काडतुसाची काय कथा. जुनी कागदी काडतुसं तर दमटपणाने फुगून नळीतच जात नाहीत, त्यामुळे प्लॅस्टिकचीच घ्या आणि हवाबंद डब्यात ठेवा.

दोन चापांचा खरा फायदा वेगळाच आहे. दोन नळ्यांत दोन वेगळी काडतुसं भरता येतात आणि कुठलं उडवायचं ते त्याच क्षणी ठरवता येतं. मी उजव्या नळीत बारीक छर्ऱ्याचं ठेवतो, ते फक्त हवेत बार काढायला, डुकरं आणि माकडं पांगवायला. डावीकडे एलजी, म्हणजे मोजकेच पण जाड छर्रे. ते डावीकडचं काडतूस मी तसंच्या तसं परत घरी आणतो आणि देव करो नि पुढेही तसंच होवो. एक सूचना, एकच जाड गोळी असलेलं काडतूस काही लोक हौसेने घेतात, ते फुल चोकच्या नळीतून उडवू नका, बहुतेक दुनळ्यांची डावी नळी तोंडाशी आवळलेली असते. आधी गनस्मिथला दाखवा.

वाईट काय ते पण सांगतो. लांबी. तीस इंची नळी घेऊन करवंदीच्या जाळीतून एकदा चालून बघा, प्रत्येक काट्याला ती अडकते. कायद्याने अशा गुळगुळीत नळीच्या (आत रायफलसारखे आटे नसलेल्या) बंदुकीची नळी किमान वीस इंच हवी, म्हणजे अठ्ठावीसची सहज चालते, त्यामुळे दुकानात अठ्ठावीस आणि तीस दोन्ही असतील तर अठ्ठावीसची मागा. वजन तीन किलोच्या वर, सकाळभर खांद्यावर बाळगली की दुपारी जेवताना हात जड वाटतो. धक्का पण चांगलाच बसतो, दस्ता खांद्यात घट्ट धरला नाही तर दुसऱ्या दिवशी हिरवंनिळं. आणि गंज! गोव्याच्या पावसात आठवड्यातून एकदा तेलाचा हात फिरवला नाही तर नळीवर लाल ठिपके आलेच म्हणून समजा.

बाकीचे पर्याय पटकन उरकतो. ३१५ बोअरची सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची रायफल, बोल्ट अॅक्शन, पाच गोळ्यांचं मॅगझिन, ताकद भरपूर, पण गोळी कुठच्या कुठे जाते. आमच्याकडे एका डोंगरावर दहा घरची माणसं काजू वेचत असतात, चुकलेली गोळी कोणाकडे जाईल सांगता येत नाही. ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर कमरेला लावता येतं, सहा गोळ्या, वजन कमी, पण ती गोळी अस्वलासमोर फारच दुबळी, केस आणि चरबीचा थर भेदून पुढे काय करेल माहीत नाही, उलट जखमी अस्वल पळून गेलं तर दुसऱ्या दिवशी तिथून जाणाऱ्या माणसाचं मरण. ठासणीची तर एकदाच उडते. बार ठासायला लागणाऱ्या वेळात अस्वल येऊन, तुम्हाला भेटून, परत गेलेलं असतं.

आता मूळ प्रश्न. नेटवर शोधलंत तर सगळं अमेरिकेतल्या अलास्काचं येतं. ४४ मॅग्नम, १० एमएम, ४५-७० ची लिव्हर अॅक्शन, आणि खाली दोनशे जण भांडत असतात कुठली भारी. वाचायला मजा येते, पण ते अस्वल वेगळं, तिथल्या तपकिरी अस्वलाचा नर तीनशे किलोच्या पुढे सहज जातो. आपलं काळं अस्वल (इंग्रजीत स्लॉथ बेअर), मादी साधारण ५५ ते ९५ किलो, नर मोठा झाला तर १४५ पर्यंत. वजनाने लहान म्हणून बरं असं मात्र नाही. अलास्कातलं अस्वल बऱ्याचदा आधी दिसतं, मोकळं माळरान, नदीचा काठ. आपलं अस्वल जाळीतून, दगडाच्या कपारीतून, वारुळाच्या मागून एकदम अंगावर येतं. नजर कमजोर, नाक तेज. वारुळात तोंड घालून वाळवी ओढत असलं की स्वतःच इतका आवाज करतं की तुमची चाहूल त्याला लागतच नाही, आणि तुम्ही चार पावलांवर आलात की ते दचकतं. दचकलेलं अस्वल पळायच्या आधी मारतं. पिल्लं पाठीवर असलेली मादी असेल तर बोलायलाच नको. नखं दोन-तीन इंचाची आणि ते जातं तोंडावर, डोक्यावर.

मग हिशोब करा. काजू वेचणारा माणूस कसा असतो? वाकलेला, एका हातात टोकाला खिळा लावलेली काठी, दुसऱ्या हातात भांडं, नजर जमिनीवर. बंदूक कुठे? झाडाला टेकवून, वीस पावलं मागे. खांद्यावर लटकवून वाकलात तर ती पुढे घसरून तोंडावर आपटते, हे करून बघितलेलं कोणीही सांगेल. म्हणजे ज्या क्षणी बंदूक पाहिजे त्या क्षणी ती हातात नसतेच. आणि समजा असली हातात, तर सुरक्षा खटका सरकवायचा, दस्ता खांद्याला लावायचा, नेम धरायचा, आणि समोरचं जनावर पळत्या माणसाला सहज गाठणारं. लोकांना वाटतं छर्रे म्हणजे नेम धरायची गरज नाही, सुपाएवढे पसरतात. पाच मीटरवर एलजीचे छर्रे अजून मुठीएवढ्या गठ्ठ्यातच असतात, चुकलात तर चुकलात.

अलास्कावाल्यांनी हे मोजून पण बघितलंय. २०१२ साली तिकडच्या २६९ घटनांचा अभ्यास छापून आला, त्यात हातातल्या छोट्या बंदुका ८४ टक्के वेळा आणि लांब बंदुका ७६ टक्के वेळा अस्वल थांबवायला उपयोगी पडल्या. ऐकायला झकास. पण त्याच अभ्यासात असंही निघालं की बंदूक जवळ असलेल्या लोकांपैकी ज्यांनी ती वापरली आणि ज्यांनी नाही वापरली, त्यांच्या दुखापतीत फरक काही दिसला नाही. त्याआधी २००८ मध्ये त्याच मंडळींनी मिरचीच्या स्प्रेचा अभ्यास केला होता, तपकिरी अस्वलाच्या बाबतीत तो ९२ टक्के वेळा चालला. म्हणजे ज्या देशात बंदूक बाजारात भाजीसारखी मिळते तिथलेच अभ्यासक सांगतायत की स्प्रे ठेवा. तो मोठा स्प्रे आपल्याकडे सहज मिळत नाही ही वेगळी गोष्ट, आणि मेडिकलमधली बायकांच्या पर्समध्ये बसणारी डबी म्हणजे तो स्प्रे नव्हे, तिची धार बारीक आणि वाऱ्याने उलटी तुमच्याच डोळ्यात.

आमच्या वाडीवरचे एक आबा, तरुणपणी रानात बंदूक घेऊन फिरलेले, त्यांना मी विचारलं होतं की आबा तुम्ही अस्वलासाठी काय न्यायचात. म्हणाले, "अरे बाबा, तोंड न्यायचं. बडबड करत जायचं. अस्वलाला आपण आलो हे कळलं की ते आपणहून बाजूला होतं, त्याला काय आपल्याशी सोयरीक जोडायचीय?" आणि खरंच तसंच आहे. आम्ही आता उजाडायच्या आधी वेचायला जात नाही, ऊन अंगावर आलं की निघतो, कारण पहाटे आणि संध्याकाळी ते फिरतं. दोघं-तिघं मिळून जातो, डबा वाजवतो, एकाच्या मोबाईलवर भजन मोठ्याने लावलेलं असतं. जाळीत शिरायच्या आधी दगड मारायचा. पडलेले बोंडू झाडाखाली कुजत ठेवायचे नाहीत, हुर्राकसाठी (काजूच्या बोंडांची दारू) भट्टीवाला नेईल तेवढे त्याला, बाकीचे उचलायचे. रात्री कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाणी सोडायला जायचं असेल तर चांगली बॅटरी, म्हणजे खरंच चांगली, लांबवर प्रकाश टाकणारी. या सगळ्याला मिळून बंदुकीच्या एका पेटीभर काडतुसांएवढा पण खर्च येत नाही.

मग मी बंदूक का ठेवली? डुकरांसाठी आणि गव्यांसाठी, म्हणजे त्यांना मारायला नाही, बार काढून पळवायला. सुपारीच्या रोपांत डुकरं शिरली की एका रात्रीत जे करून ठेवतात ते बघून माणूस रडेल. हवेत एक बार काढला की पूर्ण डोंगर जागा होतो आणि दोन-तीन रात्री शांतता मिळते. अस्वलालाही लांबून बार ऐकू गेला की ते त्या बाजूला फिरकत नाही, तेवढा उपयोग आहे. या कामासाठी दुनळीसारखी बंदूक नाही.

कायद्याचं थोडं सांगतो कारण इथे लोक फार हवेत बोलतात. अस्वल १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकमध्ये आहे, वाघाच्या पंगतीला. जीव वाचवताना खरोखर प्रामाणिकपणे मारलं किंवा जखमी केलं तर कलम ११ प्रमाणे गुन्हा नाही, पण ते जनावर सरकारचं, त्याला हात लावायचा नाही, लगेच वन खात्याला कळवायचं, आणि छर्रे पाठीमागून लागलेले निघाले तर तुम्ही "बचाव" कसा केला ते समजावत बसा. अभयारण्यात बंदूक घेऊन जायला आधी परवानगी लागते, बाग तुमची असली तरी पलीकडचा डोंगर म्हादई अभयारण्याचा असेल तर हद्द कुठे ते नीट माहीत करून घ्या. २०२० मध्ये सत्तरीतल्याच गोळावली गावात वाघीण आणि बछडी विषाने मेली तेव्हापासून या पट्ट्यात प्रत्येक गोष्टीकडे बारीक नजर असते आणि ती असायलाच पाहिजे.

लायसन्स म्हणाल तर शस्त्र कायदा पिकाच्या राखणीसाठी आधी ठासणीचीच बंदूक धरतो, ती पुरत नाही हे अधिकाऱ्याला पटवलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची मिळते. मी डुकरांनी केलेल्या नासाडीचे फोटो, कृषी खात्याचा पंचनामा वगैरे लावलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच बंदुका आणि लायसन्स पाच वर्षांचं. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस स्टेशनात जमा करायचा निरोप येतो, आणि २०२४ ची लोकसभा तर मार्चमध्येच जाहीर झाली, म्हणजे भर काजूच्या सीझनला. तेव्हा डबा वाजवायची सवय असलेला माणूस निवांत असतो.

आणि म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, मोले, बोंडला यातल्या कुठल्याही अभयारण्यापासून तुमचं गाव दहा किलोमीटरच्या आत असेल, सत्तरी आणि सांग्यात बहुतेकांचं असतंच, तर नवीन लायसन्सला मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती लागते. ती फाईल महिनोन् महिने फिरते. म्हणून आधी वन खात्याच्या ऑफिसात जाऊन या, दुकानवाल्या भाऊला फोन नंतर करा, अॅडव्हान्स तर अजिबात देऊ नका.