रोज चालणाऱ्या जिप्सीला लांब ट्रॅव्हल: पाटे खालीच ठेवावेत, हाउसिंगवर चढवावेत की कॉइल लावावी?

मारुती जिप्सीला पुढेमागे अखंड हाउसिंग (दोन चाकांना जोडणारी ॲक्सलची नळी) आहे, चारही चाकांवर पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत आणि चेसिस शिडीची आहे. खाली वाकून पाहिलं की सगळं दिसतं, म्हणून प्रयोग करायला हात शिवशिवतात. सोमवार ते शुक्रवार ऑफिस आणि रविवारी सह्याद्रीतली एखादी दगडी वाट, असा वापर असेल तर तीन वाटा समोर येतात. पाटे मूळ जागी, म्हणजे हाउसिंगखाली, ठेवून ते मऊ करून घेणं. तेच पाटे हाउसिंगच्या वर चढवणं. किंवा पाटे काढून लिंक (हाउसिंग चेसिसला जोडणारे दांडे) आणि कॉइल स्प्रिंग बसवणं.

निर्णयाआधी एक मोजमाप करा. चाक पूर्ण दाबलेल्या जागेपासून पूर्ण लोंबलेल्या जागेपर्यंत जितकं जातं, तो ट्रॅव्हल. गाडी किती उंच दिसते त्याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. चेसिसखाली जॅक लावून चाक लोंबवा, मडगार्डच्या कडेपासून हबच्या मध्यापर्यंत माप घ्या. मग शॉकअपचा खालचा बोल्ट काढून पुन्हा घ्या. चाक आणखी खाली गेलं तर अडवणारा शॉकअप आहे, पाटा नाही, आणि निम्मं काम लांब शॉकअपनेच होणार आहे. गाडी 50 मिमी उंच करून शॉकअप जुनेच ठेवले, तर लोंबण्याची जागा तेवढीच कमी होते. अशी गाडी रुबाबदार दिसते आणि पहिल्याच चरात चाक हवेत उचलते.

तुलनेसाठी 20 अंशांचा रॅम्प वापरतात. पुढचं एक चाक त्यावर चढवत न्यायचं. दुसरं कुठलंही चाक जमीन सोडतं तिथे थांबायचं. रॅम्पवर चढलेलं अंतर भागिले व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), गुणिले 1000. जिप्सीचा व्हीलबेस 2375 मिमी. 1425 मिमी चढली तर आकडा 600 येतो आणि ते चाक जमिनीपासून जवळजवळ 490 मिमी वर असतं. काम करण्याआधी एकदा आणि नंतर एकदा हा आकडा काढला, की फॅब्रिकेटरशी वाद घालावा लागत नाही.

पाटे खालीच, पण नव्याने बनवलेले

रोजच्या गाडीसाठी आमचं पहिलं मत इथेच पडतं. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनावर चालतो, तर ताण सोसण्याची ताकद वर्गावर. 8 मिमीचे 3 पाटे आणि त्याच रुंदी-लांबीचे 6 मिमीचे 5 पाटे यांचा हिशोब करून पाहा. कडकपणा 3 × 512 म्हणजे 1536, विरुद्ध 5 × 216 म्हणजे 1080. साधारण 30 टक्के मऊ. ताकद 3 × 64 म्हणजे 192, विरुद्ध 5 × 36 म्हणजे 180, फरक किरकोळ. थोडे जाड पाटे काढून जास्त पातळ पाटे घालण्यामागचं गणित एवढंच आहे. पाटेवाल्याकडे एसयूपी 9 किंवा 55 एसआय 7 प्रतीची पट्टी मागा. जुनेच पाटे तापवून नुसती कमान देणारे खूप आहेत. त्यावर पुन्हा कडक पाणी देऊन टेम्परिंग झालं नाही तर काही महिन्यांत पाटे बसतात.

प्रत्येक पाट्याच्या टोकाची धार ग्राइंडरने गोल करून घ्या आणि टोकाखाली नायलॉनची चकती बसवा. पाट्यांमध्ये ग्रीस थापू नका. कोकणातली लाल धूळ त्यात बसली की त्याचीच पॉलिश पेस्ट होते आणि पाटे खायला लागते. पाट्याच्या डोळ्यातले (टोकाच्या गोल वळशातले) बुश रबराचेच ठेवा. पॉलियुरेथेनचे बुश रस्त्यावर नीटस वाटतात; पण हाउसिंग तिरकं होताना पाट्याचा डोळा पिळतो, तो पीळ ते घेऊ देत नाहीत आणि वर कुरकुरतात.

फसगत होते ती लांब शॅकलमध्ये, म्हणजे पाट्याचं एक टोक चेसिसला टांगणाऱ्या झुलत्या पट्टीत. मूळपेक्षा 50 मिमी लांब शॅकलने गाडी त्या बाजूला 25 मिमीच उंच होते. त्यात जिप्सीचं पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. पाट्याच्या दोन डोळ्यांत 950 मिमी अंतर धरलं, तर पुढचं टोक 50 मिमी खाली गेल्यावर हाउसिंग सुमारे 3 अंश पुढे कलतं. तेवढा कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) गेला, आणि मुळात हाताशी असतो तो 3-4 अंशांच्या आसपास. मग 70 च्या वेगाला गाडी रस्ता शोधत फिरते, आणि मालक अलाइनमेंटवाल्याला दोष देतो. उपाय म्हणजे पाटा आणि हाउसिंगची बैठक यांच्यात 2 ते 3 अंशांची पाचर, जाड बाजू पुढे. ती पिनियनचं (हाउसिंगमध्ये शाफ्ट जोडला जातो त्या गिअरचं) तोंड तेवढंच खाली करते, म्हणून पुढच्या शाफ्टच्या क्रॉसचा (युनिव्हर्सल जॉइंटचा) कोन लगेच तपासा. पुढे मूळपेक्षा 25 मिमीहून जास्त लांब शॅकल न घालणं हेच शहाणपणाचं.

दोन दिवसांचं काम आहे, मूळ सांगाड्यावर कुठेही वेल्डिंग नाही, आणि वाटलं तर सगळं परत पूर्ववत होतं.

पाटे हाउसिंगच्या वर

यात गाडी सुमारे 5 इंच उंच होते, मूळचे सपाट, मऊ पाटे तसेच वापरता येतात आणि हाउसिंगखाली लटकणारे यू बोल्ट, प्लेटा दगडांना लागत नाहीत. सामान थोडं लागतं, म्हणून हा मार्ग स्वस्त समजला जातो. पुढची बिलं मात्र एकेक करून येतात.

पहिलं बिल पिळाचं. चाक जमिनीवर जोर लावतं तेव्हा हाउसिंगला फिरवू पाहणारा पीळ म्हणजे तो जोर गुणिले जमिनीपासून पाट्याची उंची. टायरची भार पडल्यावरची त्रिज्या 350 मिमी धरा. पाटा खाली असताना ही उंची सुमारे 287 मिमी, वर गेल्यावर 413 मिमी. इंजिन तेच, टायर तोच, आणि पीळ 44 टक्के जास्त. पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, पिनियन वर उसळतं, चाक सुटतं, पाटा सरळ होतो, पुन्हा वाकतो. चढावर मागून धडधड ऐकू येते ती हीच. असंच चालवत राहिलं तर क्रॉस तुटतो, नाहीतर मेन पाटा डोळ्यापाशी तडकतो. म्हणून मागे टॉर्क बार हवाच. बारचं एक टोक हाउसिंगवर दोन ठिकाणी पक्कं, दुसरं टोक चेसिसच्या आडव्या सदस्याला छोट्या शॅकलने टांगलेलं. ते टोक थेट बोल्टने जखडलं तर बार आणि पाटा एकमेकांशी भांडतात आणि मिळवलेला ट्रॅव्हल तिथेच अडकतो. पुढे ब्रेक मारताना हाच पीळ उलट फिरतो, कॅस्टर कमी करतो आणि उतारावर स्टेअरिंग चंचल करतो.

दुसरं बिल स्टेअरिंगचं. ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) 800 मिमीची धरली आणि तिचं एक टोक दुसऱ्यापेक्षा 125 मिमी वर गेलं, तर चाक 50 मिमी वर उचललं जाताना लिंक सुमारे 6 मिमी आडवी ढकलली जाते. नकलचा (चाक वळवणाऱ्या सांध्याचा) हात 150 मिमीचा असेल तर चाक आपोआप सुमारे अडीच अंश वळतं. गतिरोधकावर हातातलं स्टेअरिंग झटका देतं ते त्यामुळे. झेड आकाराची वाकवलेली लिंक हा कोन कमी करते, पण वाकडा रॉड स्वतःच थोडा लवतो. रोजच्या गाडीत तो आम्हाला पटत नाही. टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) पाट्यांच्या वरून नेऊन ड्रॅग लिंक आडवी करणं जास्त खर्चाचं आणि योग्य.

तिसरं बिल उंचीचं. जिप्सीचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) 1300 मिमी. गुरुत्वमध्य समजा 650 मिमीवर आहे, तर ट्रॅक भागिले दुप्पट उंची हे प्रमाण (जितकं कमी, तितकी गाडी उलटायला सोपी) 1.0 येतं; तो 750 वर गेला की 0.87. घाटातल्या वळणावर अचानक कुत्रं आडवं आलं तर हा फरक कळतो.

बैठका वेल्ड करताना आधी ॲक्सल आणि सील काढून ठेवा, बॅटरी सोडा, चार टाके मारा, गाडी चाकांवर उभी करून कोन मोजा आणि मगच पक्कं करा. 20-25 मिमीचे तुकडे, आलटून पालटून डावी-उजवी बाजू. सलग वेल्डिंगने नळी केळ्यासारखी वाकते आणि चाकांचा टो (वरून पाहता त्यांची आत-बाहेर दिशा) कायमचा बिघडतो. मागच्या पिनियनचं तोंड ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या शाफ्टला जोर देणाऱ्या गिअरबॉक्सच्या) फ्लँजशी समांतर रेषेपेक्षा 1 ते 2 अंश खाली ठेवा. जोर आला की ते वर येणारच आहे.

लिंक आणि कॉइल

पुढे 3 लिंक आणि पॅनहार्ड (हाउसिंगला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा), मागे 4 लिंक. पाट्याला गाडीचा भारही पेलायचा असतो आणि हाउसिंगही जागेवर धरायचं असतं. इथे ती कामं वेगळी होतात, म्हणून स्प्रिंग खऱ्या अर्थाने मऊ ठेवता येते. खडबडीत रस्त्यावर याच्याइतकी निवांत गाडी दुसरी होत नाही.

कॉइल निवडताना दुकानात हाताने दाबून काही कळत नाही. आधी डोलण्याची गती ठरवा: रोजच्या गाडीला सेकंदाला 1.3 डोल ठीक. भाराखाली स्प्रिंग किती मिमी दबेल ते 250 भागिले त्या आकड्याचा वर्ग, म्हणजे 148 मिमी. एका पुढच्या कोपऱ्यावर हाउसिंग आणि चाक वगळून 200 किलो असेल, तर कडकपणा सुमारे 13.3 न्यूटन प्रति मिमी. प्रत्येक कोपऱ्याचं वजन चार काट्यांवर प्रत्यक्ष घ्या, अंदाज करू नका. चाक उभ्या पातळीपासून 148 मिमीपेक्षा जास्त लोंबलं की स्प्रिंग बैठकीत सैल होते. खालचं टोक क्लॅम्पने धरलेलं नसेल तर ती निसटून रस्त्यात पडते.

खरी परीक्षा ब्रॅकेटची. पुढच्या हाउसिंगवर 600 किलो भार आणि कडक ब्रेक, म्हणजे जमिनीवर साधारण 4800 न्यूटन. गुणिले 0.35 मीटर, भागिले वरच्या-खालच्या लिंकमधलं 180 मिमी अंतर: वरच्या एकट्या लिंकवर 9300 न्यूटन, जवळजवळ एक टन. रोज, प्रत्येक सिग्नलला. जिप्सीच्या चेसिसचा पत्रा पातळ आहे. त्यावर ब्रॅकेट थेट चिकटवला तर काही महिन्यांनी पत्र्याचा तुकडा घेऊनच तो सुटतो. आधी पतंगाच्या आकाराची भर प्लेट, तिच्या कडा चेसिसच्या उभ्या रेषेला समांतर नकोत. त्यावर 6 मिमीचा दोन बाजूंचा ब्रॅकेट. 14 किंवा 16 मिमीचा 10.9 प्रतीचा बोल्ट, ज्याचा आट्याविना भाग भोकात बसतो. खालच्या लिंकला 50 मिमी बाहेरच्या व्यासाची, 6 मिमी जाडीची सीमलेस पाइप.

पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक समांतर आणि शक्य तितक्या सारख्या लांबीच्या हव्यात. ही एक गोष्ट चुकली तर बाकी सगळं अचूक असूनही गाडी चालवणं शिक्षा होते. लिंकच्या दोन्ही टोकांना उघडे रॉड एंड (गोळी-वाटीचे धातूचे सांधे) लावण्याचा मोह टाळा. एका पावसाळ्याच्या चिखलात त्यांची वाटी झिजते आणि मग प्रत्येक खड्ड्यात खटखट. किमान चेसिसकडचं टोक तरी जाड रबरी बुशचं ठेवा.

तीन-चार आठवडे गाडी उभी राहणार हे धरून चला. दारात दुसरी गाडी नसेल तर हा मार्ग घेऊच नका. असेल, आणि फॅब्रिकेटर कोन मोजून काम करणारा असेल, तर पाटे वर चढवण्याचा टप्पा सोडून थेट इथे या. स्टेअरिंग, शाफ्ट आणि ब्रेकच्या नळ्या दोन्हीकडे बदलाव्याच लागतात, तो खर्च दोनदा कशाला.

तिन्ही वाटांना लागू

10 इंच स्ट्रोकचा शॉकअप मिटल्यावर साधारण 16 आणि उघडल्यावर 26 इंच असतो. ती जागा आधी मोजा, मग खरेदी करा. शॉकअप पूर्ण मिटण्याच्या 12 ते 15 मिमी आधी बंप स्टॉप (चाक वर येताना अडवणारा रबरी ठोकळा) लागला पाहिजे, आणि तो पूर्ण उघडण्याआधी चाकाला पट्ट्याने थांबवलं पाहिजे. पूर्ण लोंबलेल्या स्थितीत प्रोपेलर शाफ्टचे खाचे किमान 50 मिमी एकमेकांत असू द्या. मागे भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर उंची वाढल्यावर त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. त्याचा दांडा नव्याने जुळवा. 205/70 आर 15 ऐवजी 235/75 आर 15 टायर घातले तर स्पीडोमीटरवरचे 60 प्रत्यक्षात 66 असतात.

कायद्याची बाजू तिन्हींना सारखी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. कलम 182 अ खाली मालकाला दर बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विम्याचा सर्वेअर गाडीखाली वाकतो तेव्हा मूळ जागी बसलेले पाटे आणि वेल्ड केलेले लिंक ब्रॅकेट यांत त्याला फरक दिसतोच. रोज सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी पहिला मार्ग आम्ही वर ठेवतो त्याचं अर्धं कारण हेच आहे.

काम झाल्यावर यू बोल्ट 100 किमीला आणि पुन्हा 500 किमीला टॉर्क रेंचने आवळा. पाटे बसताना ते सैल होतातच. आणि गाडी गॅरेजमधून हलवण्याआधी पुढचं चाक पूर्ण लोंबवून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. ब्रेकची रबरी नळी ताणली जात असेल, तर ती त्याच वेळी दिसते.