एटीव्हीचं पोट घासतंय: लिफ्ट किट की मोठे टायर?

एटीव्ही, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर चालवायची चार चाकांची बाइक, कंपनीच्या सस्पेन्शनवर घेऊन चिखलातल्या खोल चाकोरीत गेलात की पोटाखालची प्लेट खरवडणारच. स्प्रिंगचा प्रीलोड (तिच्यावर आधीच दिलेला दाब) वाढवून पाहिला; गाडी जराशी उचलली, पण प्रत्येक दगड कमरेत जाणवू लागला.

२ इंची लिफ्ट किटने (सस्पेन्शन उंच करणारे सुटे भाग) चेसिस वर जाते. मात्र मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल असेल तर तो होता तिथेच राहतो, आणि दगड नेमका त्यालाच लागतो. चारही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र असेल तर सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) कोन वाढतो. मग त्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटतं, ग्रीस बाहेर, वाळू आत.

२५ ऐवजी २७ इंची टायर? व्यास २ इंच वाढला तरी उंची त्याच्या निम्मी, १ इंचच वाढते, पण अ‍ॅक्सलसकट. इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या बेल्टवर ताण येतो, पिकअप मंदावतो, क्लचचं सेटिंग बदलावं लागतं. तरी मी आधी टायरच घेईन.