फ्री डिश की केबल? सीमाभागातल्या मराठी घरासाठी

कौलावरचा जुना अँटेना आता खुशाल उतरवा. दूरदर्शनने देशातले जवळजवळ सगळे ॲनालॉग, म्हणजे त्या अँटेनावर दिसणारे जुन्या पद्धतीचे ट्रान्समीटर बंद केलेत. केबलही 2012 पासून टप्प्याटप्प्याने डिजिटल होत गेली. खेड्यांसाठी शेवटची मुदत 31 मार्च 2017 होती. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आता विचारतात ते एवढंच: फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची छत्रीवरून येणारी मोफत उपग्रह सेवा लावू, की केबल घेऊ?

आधी भाषेचं बघू. अँटेनाच्या काळात कर्नाटकातले ट्रान्समीटर प्रादेशिक वेळेत बंगळूरचे कन्नड कार्यक्रम दाखवत. फ्री डिशवर दूरदर्शनच्या सह्याद्री (मराठी) आणि चंदना (कन्नड) दोन्ही वाहिन्या आहेत, घर हद्दीच्या कुठल्याही बाजूला असो. मला यातली हीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आजीला मराठी बातम्या कुणाच्या मर्जीवर न राहता मिळतात, आणि कन्नड शिकणाऱ्या नातवाला चंदनाही. 2004 पासून ही सेवा चालू आहे आणि महिन्याचं भाडं शून्य. खर्च होतो तो छत्री (डिश), बॉक्स आणि बसवणावळीचा.

पण झी मराठी, स्टार प्रवाहवरच्या मालिका ज्या घरात रोज लागतात, तिथे फ्री डिशवर भागत नाही. त्या पैसे भरून बघायच्या वाहिन्या. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्याही लिलावातून येतात, त्यामुळे आज दिसणारी वर्षभराने असेलच असं नाही. मालिका हव्यात तर केबल घ्या, पण केबलवाल्याने दिलेलं पॅकेज तसंच घेऊ नका. फेब्रुवारी 2019 पासून वाहिन्या सुट्या निवडायचा हक्क ग्राहकाला आहे. कर्नाटकात सहसा कन्नड पॅकेज पुढे केलं जातं. मराठी वाहिन्या नावं घेऊन मागा आणि सुट्या किमती जोडून बघा.

आता पाऊस. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हे नीट ऐकावं. पूर्वी सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी आवाज कळायचा. डिजिटलमध्ये चित्र आधी चौकोनी तुकड्यांत फुटतं आणि मग एकदम जातं. धो धो सर आली की फ्री डिश बंद पडते, सर ओसरली की आपोआप येते. छत्री नेमकी लागली असेल तर हे कमी होतं. उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला, साधारण 60 अंश वर. त्या बाजूला माड-फणस आडवा नको. बसवणाऱ्याला स्क्रीनवरची सिग्नलच्या क्वालिटीची पट्टी दाखवायला सांगा, आणि छत्रीपाशी वायरच्या जोडावर रबरी टेप घट्ट गुंडाळून घ्या. पाणी शिरतं ते तिथूनच. केबल सरीला जास्त टिकते, पण फांदी वायरवर पडली किंवा वाटेतल्या यंत्राची वीज गेली की दुरुस्तीला माणूस येईपर्यंत काळोख. खानापूरच्या आतल्या गावांत मी म्हणून फ्री डिशच सांगेन. बेळगाव शहरात, निपाणीत केबल चालेल.

खासगी डीटीएच, म्हणजे खासगी कंपनीची छत्री? पावसाचा तोच त्रास, वर रिचार्ज. केबल पोचत नाही आणि मालिकांशिवाय चालत नाही, अशांनीच घ्यावं.

फ्री डिशचा बॉक्स बाजारातून कुठलाही आणा, बिघडला की दुसरा चालतो. केबलचा बॉक्स त्याच कंपनीपुरता, म्हणून अनामत भरली असेल तर पावती जपा. टीव्ही जुना, मागे फुगीर असेल तर लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरची सोय बॉक्सला आहे का, हे दुकानातच बघून घ्या.