लोझी शिकताना कोणता शब्दकोश: लोझी-इंग्रजी की इंग्रजी-लोझी?

लोझी म्हणजे पश्चिम झांबियातील बारोत्सेलँडची, आफ्रिकेतल्या बांटू कुळातली भाषा. दक्षिणेकडून आलेल्या कोलोलो लोकांच्या राजवटीमुळे तिच्यावर सोथो या दक्षिण आफ्रिकेतल्या भाषेची दाट छाप आहे.

वाचायला बसलात तर अडोल्फ जाल्ला या मिशनऱ्याचा लोझी-इंग्रजी कोश हवाच. त्याची सुधारित आवृत्ती 1982 ची. मात्र मजकुरातला शब्द जसाच्या तसा शोधू नका. मराठीत ‘घराला’ न शोधता आपण ‘घर’ शोधतो. लोझी नामांत फरक एवढाच की बदल शब्दाच्या सुरुवातीला होतो. ‘बातू’ (माणसे) दिसले की ‘मुतू’कडे या, ‘लिलिमो’ (वर्षे) दिसले की ‘सिलिमो’कडे. क्रियापदाचे शेपूटही सोलावे लागते: ‘बुलेलेला’ (कुणाला सांगणे) मधला ‘एल’ काढला की ‘बुलेला’ (बोलणे) उरते. नवशिके इथेच अडकतात आणि कोशाला दोष देतात.

लिहायचे असेल तर ओवेन ओ’सलिव्हन यांचा 1993 चा इंग्रजी-लोझी कोश जवळचा. धोका असा की एका इंग्रजी शब्दापुढचे पर्याय सरसकट एकमेकांच्या जागी चालत नाहीत. म्हणून निवडलेला शब्द जाल्लात उलटा तपासा आणि नामाचे अनेकवचन त्याच वेळी वहीत टिपा. नुसता ‘सिपुला’ (खुर्ची) नको, ‘सिपुला, लिपुला’ अशी जोडी लिहा.

स्वराघात (उच्चारातला सुरांचा चढउतार) रोजच्या लिपीत लिहीत नाहीत. त्यासाठी भाषकाकडूनच ऐकावे.

एकच घ्यायचा तर जाल्ला घ्या.