घरी बनवलेलं 'झटपट' स्कूबा हार्नेस: काही महिने वापरल्यानंतर (आणि डाव्या कमरेच्या डी-रिंगबद्दल जरा जास्तच)

सगळं सुरू झालं एका प्लास्टिकच्या बकलवरून. बॅकप्लेट-विंगसाठी (पाठीवरची कडक पाटी आणि तिला लावलेली हवेची पिशवी) 'आरामदायी' म्हणून विकतात तसलं तयार हार्नेस, म्हणजे सिलिंडर अंगावर बांधायचे पट्टे, होतं माझं. सिलिंडर आडवं करताना खांद्यावरचं क्विक-रिलीज बकल खाली सापडलं आणि त्याचा एक दात कट्‌कन तुटला. वस्तू बोटभर. सर्व्हिसवाले म्हणाले, बकल सुटं मिळत नाही, खांद्यांचा अख्खा जोड घ्या. वॉरंटी? छे, ही तर 'हाताळणीतली हानी'. बरीच मेलामेली झाली आणि शेवटच्या उत्तरात काय, तर नव्या मॉडेलचं माहितीपत्रक! डोकं फिरलं.

खरं तर यावरचा उपाय जुनाच आहे. फ्लोरिडाच्या गुहांत डायव्हिंग करणाऱ्यांसाठी १९७९ मध्ये बॅकप्लेट आली, पुढे बिल हॉगार्थ मेन यांनी ती पद्धत सुधारत नेली आणि त्यांच्या मधल्या नावावरून 'हॉगार्थियन' हार्नेस रूढ झालं. ५० मिलिमीटर रुंदीचा एकच सलग पट्टा, कमरेला एक पोलादी बकल, संपलं. तुटण्यासारखं काही नाहीच. पण ते एकदा बसवलं की बसवलं. तीन मिलिमीटरच्या वेटसूटवर नेमकं बसणारं हार्नेस सात मिलिमीटरच्या सूटवर बगलेत रुततं, आणि हलत्या बोटीवर त्यातून हात बाहेर काढणं म्हणजे नुसती कुस्ती. मला त्याचा साधेपणाही हवा होता आणि सैल-घट्ट करायची सोयही. तयार मिळणाऱ्या तशा हार्नेसची किंमत पाहिली आणि दाभण हातात घेतलं.

रचना थोडक्यात सांगतो. नेहमीच्या हार्नेसमध्ये पट्टा खांद्यावरून बगलेखाली येतो, प्लेटच्या खालच्या खाचेत स्लाइडने (पट्टा धरून ठेवणाऱ्या खाचांच्या पट्टीने) पक्का होतो आणि तोच पुढे कमरेचा पट्टा बनतो. मी तिथली पकड काढून टाकली. खाचेत वेबिंगचा, म्हणजे पट्ट्याच्या जाड विणीचा, छोटा तुकडा दुमडून शिवला, त्यात चौकोनी पोलादी कडी अडकवली आणि मुख्य पट्टा त्या कडीतून मोकळा सरकू दिला. कमरेची दोन्ही टोकं पुढे ओढली की खांदे आवळतात, बकल लावलं की सगळं जागच्या जागी राहतं. काढताना बकल उघडायचं, खांद्याच्या पट्ट्याखाली अंगठे घालून वर खेचायचं. कमरेची ढील वर येते आणि हात सुटतो.

शिवण चौकोन आणि आत फुली अशी घातली, दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा ओल राहून कुजतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. घरच्या शिलाई मशीनला इतक्या जाड वेबिंगचे थर झेपत नाहीत, म्हणून सगळं हातानेच. बोटांची चाळण होते, पण टाके मोजूनमापून पडतात. प्लेटच्या खाचांच्या कडा कानशीने घासून, वर पॉलिश पेपर फिरवून गोल केल्या. एक बारकी गोष्ट मात्र आवर्जून: चौकोनी कडीला एका बाजूला वेल्डिंगचा गुठळीसारखा जोड असतो. ती बाजू शिवलेल्या तुकड्यात जायला हवी. सरकत्या पट्ट्याकडे आली तर ती गुठळी काठाचे धागे एकेक करून खरवडत राहते.

सुरुवातीला मी मऊ वेबिंगच्या प्रेमात होतो. खांद्यावर छान बसतं, कडीतून लोण्यासारखं सरकतं. ते मत आता राहिलेलं नाही. नायलॉन पाणी पितं, ओलं झालं की ढिलं पडतं. त्यातून मऊ असेल तर कडीच्या एका कोपऱ्यात गोळा होऊन अडकतं, तेही नेमकं काढायच्या वेळी. सध्या कडक वेबिंग आहे. पहिले काही डाइव्ह मानेला काचलं, आता सरावलंय. सपाट राहतं आणि सपाटच सरकतं.

आता त्या डी-रिंगकडे येतो. प्रेशर गेज (सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणारा मापक) अडकवायची डाव्या कमरेची डी-रिंग, म्हणजे इंग्रजी D आकाराची कडी. सलग हार्नेसमध्ये ती कायम एकाच ठिकाणी असते, न बघता हात तिथे जातो. माझ्या रचनेत कमरेचा पट्टाच सरकतो म्हटल्यावर ही बाई रोज नव्या पत्त्यावर! जाड सूट घातला की मागे, पातळ घातला की पुढे. गेज परत लावताना हात जुन्या जागी जाऊन चाचपडतो आणि तेवढ्यात तरंगण्याचा तोल बिघडतो. याहून वाईट म्हणजे हार्नेस सैल करताना रिंगची स्लाइड चौकोनी कडीला जाऊन थडकायची, त्यामुळे डावा खांदा उजव्यापेक्षा कमी सैल व्हायचा. रिंग पुढे घ्यावी तर गेज पोटाखाली लोंबकळतं आणि तळाला घासतं. मागे घ्यावी तर हात सुटत नाही. जेमतेम मुठीत मावेल एवढी रिंग, पण तिच्यापायी सगळी रचना मोडून टाकायच्या बेतात होतो. हार्नेस कसं आहे असं कुणी विचारलं, तर मी फक्त रिंगबद्दल बोलायचो. लोकांनी विचारणं सोडलं.

मग उपाय सापडला, आणि तो इतका फडतूस निघाला की राग आला. रिंग सरकत्या पट्ट्यावर ठेवायचीच नाही. प्लेटलाच वेबिंगचा एक छोटा वेगळा पट्टा पक्का जोडला, तो कमरेच्या पट्ट्याच्या आतून पुढे घेतला, रिंग त्याच्या टोकाला. कमरेचा पट्टा वरून हवा तेवढा सरको, रिंग हलत नाही. डावा खांदाही आता उजव्याइतकाच सैल होतो. फक्त गेज पूर्वीपेक्षा बोटभर मागे असतं, आणि जाड हातमोजे घातले की बोल्ट-स्नॅप (गेजची अडकवायची क्लिप) लावताना अजून एखादी शिवी निघते.

खरं सुख मिळालं ते अपेक्षाच नव्हती तिथे. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, निओप्रीनमधल्या (सूटच्या फोमसारख्या रबरातल्या) वायूचे बुडबुडे निम्म्यावर येतात आणि सूट पातळ होतो. वर घट्ट बसलेलं हार्नेस खाली ढिलं होऊन सिलिंडर पाठीवर डुगडुगतं. या हार्नेसमध्ये बकल क्षणभर उघडून टोक ओढलं की खांदे-कंबर एका दमात आवळतात, तेवढा वेळ क्रॉच स्ट्रॅप (दोन पायांमधून येणारा पट्टा) प्लेटला जागेवर धरून ठेवतो. वर येताना सूट पुन्हा फुगतो, तेव्हा थोडी ढील परत द्यायची एवढं लक्षात ठेवावं लागतं.

खोटही सांगतो. कंबर आणि खांदे आता एकाच बकलच्या भरवशावर आहेत. ते चुकून उघडलं तर नेहमीच्या हार्नेसमध्ये फक्त कंबर सुटते, इथे खांदेही ढिले पडतात. म्हणून बकल मधोमध नको, थोडं उजवीकडे हवं, म्हणजे क्रॉच स्ट्रॅपच्या फासाला लागून ते उचकटत नाही. कमरेच्या पट्ट्यावर वजनाचे खिसे लावणाऱ्यांनी तर या भानगडीत पडूच नये. डी-रिंग जशी कडीला अडते तसेच खिसेही अडणार, आणि त्यांना वेगळ्या पट्ट्यावर घालायला कमरेत जागा उरत नाही.

तुम्ही बनवणार असाल तर आधी उथळ पाण्यात, सोबत कुणीतरी असताना, पूर्ण सामान चढवून काढून-घालून बघा. हात मागे नेऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह गाठता येतो का तेही तेव्हाच तपासा, खांदे घट्ट असतानाही आणि सैल असतानाही. मी दर डाइव्हआधी दोन्ही चौकोनी कड्यांपाशी पट्ट्यावर नख फिरवतो; काठाला लव उठलेली लागली की पट्टा बदलायचा. सध्या उजवीकडे लव धरायला लागली आहे, डावीकडे अजून नाही. नवं वेबिंग कापून, टोकं वितळवून तयार ठेवलंय.