फोटो हलके करून देतो म्हणाला आणि फोटोच घेऊन गेला

गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, सांगे या भागांत होमस्टे किंवा कुळागराच्या (पोफळी-माडांच्या बागेच्या) सहली चालवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. ‘तुमच्या वेबसाइटचे फोटो जड आहेत, म्हणून गूगल तुम्हाला मागे टाकतं’ असं सांगत एक माणूस फिरतोय. वाळपईजवळच्या आमच्या काकांकडून त्याने २८,००० रुपये घेतले, वर महिन्याला २,००० लावले.

त्याचं पहिलं वाक्य खरं होतं, म्हणूनच तो घरात शिरू शकला. साइटवरचे फोटो माझ्या चुलतभावाने मोबाइलवर काढून तसेच चढवलेले. एकेक फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, चार-पाच एमबीचा, आणि पहिल्याच पानावर असे कितीतरी. बेळगावहून चोर्ला घाट उतरताना रेंज येते-जाते. तिथे कुणी साइट उघडली तर खोली दिसायच्या आधीच कंटाळून दुसरीकडे जातो, हे काकांनाही ठाऊक होतं. त्यामुळे त्याने लॅपटॉपवर साइटच्या वेगाचे शंभरपैकी गुण म्हणून ३१ हा लाल आकडा दाखवला तेव्हा काकांना लगेच पटलं. चवथीचे दिवस, माणूस बोलायला गोड, कोकणी-मराठी दोन्ही घरच्यासारखी. काकीच्या हातच्या पातोळ्या खाऊन म्हणाला, “काका, तुम्ही फक्त हो म्हणा. सीझनच्या आधी गूगलवर पहिल्या नंबरला आणतो.” पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच्या मार्गदर्शक पानावर स्पष्ट लिहून ठेवलंय. अशी हमी देणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा.

काही आठवड्यांनी तो ३१ चा ९७ करून घेऊन आला. हिरवागार. काकांनी उरलेले पैसे त्याच संध्याकाळी यूपीआयने पाठवले.

तो आकडा कसा बनवला होता ते नीट सांगते, कारण ही युक्ती फार जणांवर चालत असणार. पेजस्पीड इनसाइट्स ही गूगलची फुकट तपासणी आहे. ती पान उघडते आणि किती वेळात काय दिसलं ते मोजते, पण पानाला बोट लावत नाही. या माणसाने फोटो हलके केलेच नव्हते. पाहुणा स्क्रीनला हात लावेपर्यंत एकही फोटो उतरू नये, एवढीच सोय त्याने करून ठेवली होती. तपासणीला रिकामं पान मिळालं, रिकामं पान अर्थातच झटकन उघडलं, आणि गुण मिळाले ९७. मी घरी बसून तीच तपासणी पुन्हा चालवली. निकालात पानाचं छोटं चित्र येतं, ते कुणी बघत नाही. मी मोठं करून पाहिलं: वर होमस्टेचं नाव, आणि खाली जिथे अंगण, तुळशीवृंदावन, खोल्या दिसायला हव्यात तिथे कोरं पांढरं. पाहुण्याने बोट लावलं की तेच चार-पाच एमबीचे फोटो एकदम कोसळायला लागायचे. म्हणजे खऱ्या माणसासाठी साइट पूर्वीपेक्षाही वाईट झाली होती.

आता शोधात दिसण्याबद्दल. फोटोला जोडून जे वर्णन लिहितात, ज्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात, ते मुळात ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असतं. त्यांचा फोन ते वाचून दाखवतो, आणि गूगललाही त्यावरून चित्र कळतं. या माणसाने प्रत्येक फोटोखाली एकच मजकूर चिकटवला होता: ‘बेस्ट होमस्टे गोवा, स्वस्त होमस्टे, होमस्टे बीचजवळ’. सत्तरीत समुद्र आहे कुठे? पोफळींमधून वाहणाऱ्या पाटाच्या फोटोलाही ‘बीचजवळ’. असे शब्द कोंबू नका, साइट स्पॅम समजली जाऊ शकते, असं गूगल सांगतं. आणि एखाद्या अंध पाहुण्याच्या कानावर तेच ते आदळणार, याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

खरा फास पुढे होता. महिन्याचे २,००० कशाचे, तर ‘इमेज सर्व्हर’चे. काकांनी डिसेंबरात ते थांबवले आणि ऐन नाताळाच्या गर्दीत साइटवरचे सगळे फोटो गायब झाले. फोटोचा पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडला तेव्हा कळलं की सगळे फोटो त्याच्या स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे त्याच्या मालकीच्या वेब-पत्त्यावर, हलवलेले होते. फोटो दुसऱ्या सर्व्हरवर असणं यात गैर काही नाही, मोठ्या साइट्स तसंच करतात. पण ते खातं तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर हवं. मूळ फोटोही तोच ‘साफ करायला’ घेऊन गेला होता. मागायला फोन केला तर आधी थकबाकी भरा म्हणाला, नंतर उचलेना.

सुदैवाने चुलतभावाच्या जुन्या मेमरी कार्डावर बरेच फोटो सापडले. ते आम्ही स्क्वूश या फुकट साधनावर हलके केले. ते ब्राउझरमध्येच चालतं, फोटो कुठे पाठवावा लागत नाही. रुंदी १६०० पिक्सेल, प्रकार वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो-प्रकार), दर्जा पंचाहत्तरच्या आसपास. खोल्यांचे फोटो दीडशे-दोनशे केबीवर आले. कुळागराचा मात्र काही केल्या तेवढा खाली येईना. पानापानाचा बारीक तपशील असतो, जास्त दाबलं की हिरवा चिखल होतो. तो आम्ही साडेतीनशेवरच ठेवला, आणि ठेवावाच. सगळ्यात वरचा फोटो लगेच उतरू दिला, बाकीचे खाली सरकवल्यावर. प्रत्येकाची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहिली, नाहीतर फोटो उतरताना पान उड्या मारतं आणि पाहुण्याचं बोट भलत्याच बटणावर पडतं. मुख्य चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसावं, हे गूगलचं माप. आमचं आता त्यात बसतं. गुण ८४ आहेत, आणि त्या ८४ मध्ये अंगण दिसतं.

वाळपई पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे, सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय पोर्टलवरही नोंदवली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. तुमचे पैसे नुकतेच गेले असतील तर थांबू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त.

तो सध्या फोंड्याच्या बाजूला दिसल्याचं एका ओळखीच्यांनी सांगितलं. धंद्याचं नाव बदललंय, बोलणं तेच आहे. आला तर त्याच्या लॅपटॉपवरचा आकडा बघू नका. स्वतःचा फोन काढा, वायफाय बंद करा, त्याने केलेली एखादी साइट उघडा आणि स्क्रीनला हात न लावता बघा.