कोतवाल बुकातली शिवण: पणजीची मृत्युनोंद शोधतानाचा अकरा महिन्यांचा अनुभव

साक्षांकित नक्कल हातात आली. गोल शिक्का होता, सही होती, 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा होता. तारीख मात्र नव्हती. ज्या एका आकड्यासाठी सात महिने घालवले, तो सरकारी नकलेतही वहीच्या शिवणीत गेलेला. त्या दिवशी एस.टी.त बसल्या बसल्या ठरवलं की हे सगळं लिहून काढायचं, म्हणजे पुढच्या माणसाचे सात महिने तरी वाचतील.

मला हवी होती आबांच्या आईची, म्हणजे माझ्या पणजीची मृत्युतारीख. आबा दोन वर्षांचे असताना ती मानमोडीत गेली, एवढंच घरात माहीत. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. घरच्या बायका सांगायच्या, "दसरा झाला नि गेली." तिथी कुणालाच ठाऊक नाही, आणि त्याला कारण आहे. ती नवऱ्याच्या आधी गेली, म्हणून तिचं श्राद्ध अविधवा नवमीला व्हायचं. तिची स्वतःची तिथी लक्षात ठेवायची कुणाला गरजच पडली नाही. पुरुषांच्या तिथ्या आमच्याकडे चार पिढ्यांच्या पाठ आहेत, बायकांची मिळून एक नवमी. हे मला आधी कधी टोचलं नव्हतं, शोधायला बसल्यावर टोचलं.

सुरुवात चुकीच्या जागी केली. एका परदेशी वंशावळीच्या संकेतस्थळाची वर्षाची वर्गणी भरली. तिथं आपल्या खेड्यातल्या माणसाचं काही नाही. तो खर्च अजून मनातून जात नाही. तुमचे पूर्वज आफ्रिकेत, इंग्लंडात गेलेले नसतील तर त्या वाटेला जाऊ नका.

मग कळलं की जुनी कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वह्या, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आली आहेत, आणि तीही फुकट. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा तालुक्या-तालुक्यांतून जुनी दप्तरं बाहेर निघाली आणि पानांच्या प्रती चढवल्या गेल्या. जातीच्या दाखल्यासाठी झालेलं हे काम वंशावळ शोधणाऱ्याला मोठीच देणगी आहे. गावाचं नाव निवडलं आणि शंभर वर्षांपूर्वीचं पान समोर उघडलं, तेव्हा अंगावर काटा आला होता. पहिला महिनाभर मी भेटेल त्याला सांगत होते की घरबसल्या एवढं मिळतंय, अजून काय हवं? तेव्हाच लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी गुण दिले असते.

या वह्या मोडी लिपीत, आणि मोडीची भीती मी गरजेपेक्षा जास्त बाळगली. पानामागे दोनशे रुपये देऊन अकरा पानांचं लिप्यंतर करून घेतलं, त्यातली नऊ पानं आमच्या कामाची नव्हती. मोडी सगळी यायला वर्षं लागतील, पण मृत्युनोंदीचं पान चाळायला सगळी मोडी लागत नाही. मौजे, बिन, कोम, भ्रतार, मयत, ताप, पटकी (कॉलरा), देवी (रोग) हे शब्द आणि दहा आकडे ओळखता आले की कामाचं पान कुठलं ते कळतं. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. कोम किंवा भ्रतार आलं की बाईची नोंद, आणि पुढं नवऱ्याचं नाव. ह्रस्व-दीर्घाचा भेद मोडीत पाळत नाहीत, अनुस्वार बरेचदा गळतो, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. म्हणून 'गंगा' शोधायची असेल तर 'गगा'ची तयारी ठेवायची. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग होतात, तिथं जाऊन बसा. पैसे मोडी जाणणाऱ्याला जरूर द्या, पण पान सापडल्यावर.

आता शिवण. हा मुद्दा मी ताणते आहे असं वाटेल, तरी पूर्ण वाचा.

कोतवाल बुक ही मध्ये शिवलेली वही. आमच्या गावच्या वहीत डावीकडून पहिले रकाने अनुक्रम आणि तारखेचे, मग नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, आणि शेवटी मरणाचं कारण. प्रती काढताना वही पुरती उघडलेली नाही. शंभर वर्षांचा कागद, शिवण ताठ, काम घाईचं, हे मला समजतं. पण त्यामुळं उजव्या हाताच्या प्रत्येक पानावर पहिला रकाना शिवणीत गेला, म्हणजे तारीख गेली. डाव्या हाताच्या प्रत्येक पानावर शेवटचा रकाना गेला, म्हणजे कारण गेलं. एका पानावर माणूस कधी मेला ते नाही, दुसऱ्यावर कशानं मेला ते नाही. नाव, जात, वय मात्र दोन्हीकडं स्वच्छ. ज्या कामासाठी प्रती काढल्या त्याला तेवढंच लागत होतं. माझं काम नेमकं त्या दोन बोटं रुंदीच्या पट्टीत अडकलेलं.

पणजीची नोंद सापडली ती उजव्या पानावर. नाव बरोबर, नवऱ्याचं नाव बरोबर, वय वर्षे २३. डावीकडं काळी सावली. मी ते चित्र मोठं केलं, उजळलं, उलटं करून पाहिलं. ओळ कळते, आकडा कळत नाही.

अशा वेळी शेजारच्या पानांवरून तारीख आवळत आणायची. डावीकडच्या पानावरची शेवटची नोंद १२ ऑक्टोबरची होती, म्हणजे पणजी त्यानंतरची. पान उलटून पुढचं पाहिलं असतं तर वरची हद्दही मिळाली असती, पण ते पान संकेतस्थळावर नव्हतंच. आमच्या जिल्ह्यानं ज्या पानावर कुणबी शब्द सापडला तेवढीच पानं चढवलेली, मधली गाळलेली. घरच्या बायकांचं "दसरा झाला नि" एवढं हाती उरलं. त्या वर्षीचा दसरा १५ ऑक्टोबरचा. शिर्डीच्या साईबाबांनी त्याच दिवशी देह ठेवला, त्यामुळं ही तारीख सहज मिळते. शोध महिन्यावरून पंधरवड्यावर आला, तिथून पुढं सरकेना.

मग तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष. अर्जावर मी 'गाव नमुना १४' लिहिलं आणि तिथंच दोन महिने गेले. जुन्या काळी नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची वही. हल्लीच्या महसुली नमुन्यांत १४ नंबर पाणीपुरवठ्याच्या साधनांचा आहे. टेबलावरचा मुलगा नवा होता. त्यानं प्रामाणिकपणे विहिरींची वही काढून ठेवली आणि मला बोलावलं. अर्जात 'कोतवाल बुक (जन्म-मृत्यू), सन १९१८, मौजे अमुक' असं सरळ लिहा. नमुन्याचा आकडा लिहायचाच असेल तर 'जुना' हा शब्द जोडा.

दुसरा अर्ज, पुन्हा कोर्ट फी तिकीट, पुन्हा खेटे. आणि जी नक्कल मिळाली ती मूळ वही पाहून केलेली नव्हती. संगणकावरची तीच प्रत छापून तिच्यावर शिक्का मारला होता, काळ्या सावलीसकट. मी विचारलं, "यात तारीख कुठं आहे?" उत्तर आलं, "जे रेकॉर्ड आहे ते दिलं." माझा आवाज चढला. तारीख रेकॉर्डमध्ये आहे, तुमच्या छायाचित्रात नाही, हे मी तीन वेळा सांगितलं. मग उठून आले.

इथं थोडं दुसऱ्या कागदांबद्दल, कारण रागाच्या त्या दोन महिन्यांत मी बाकीचं सगळं धुंडाळलं.

वर्तमानपत्रातली निधनवार्ता खेड्यातल्या १९१८ च्या बाईसाठी निरुपयोगी. ज्ञानप्रकाश होतं, केसरी होता, पण शेतकऱ्याच्या सुनेची बातमी तिथं कशाला येईल? पुढच्या पिढ्यांना उपयोग होतो. आबांच्या चुलतभावाची निधनवार्ता ग्रंथालयातल्या जुन्या अंकात सापडली. पण तीही कशी, तर "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे." मुलांची नावं नोकरीसकट, मुलींचा नुसता आकडा. त्यापेक्षा प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात बरी. तिच्यात तारीख असते आणि खाली शोकाकुल मंडळींची आडनावं असतात, त्यावरून लेकी कुठं दिल्या ते उमगतं.

१९७० नंतरचं कुणी शोधत असाल तर काम सोपं आहे. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आपल्याकडं १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ प्रमाणं कुणीही फी भरून नोंद शोधायला लावू शकतो आणि उतारा घेऊ शकतो. "तुमचं नातं काय?" म्हणून अडवलं तर हे कलम सांगा. एक गोष्ट मात्र त्या उताऱ्यात मिळणार नाही, ती म्हणजे मृत्यूचं कारण. उताऱ्यात ते द्यायचं नाही असं त्याच कलमात आहे. जिवंत माणसांच्या घरादाराचा प्रश्न असतो, त्यामुळं ते मला पटतं. म्हणूनच जुन्या कोतवाल बुकातला तो शेवटचा रकाना मोलाचा. आणि तोच शिवणीत घातला.

जमीन असलेल्या घरांनी नमुना ६क, म्हणजे वारस नोंदवही, आधी काढावी. मयताचं नाव, मृत्यूची तारीख आणि वारस एका ओळीत मिळतात. आमच्या आबांच्या वडिलांची तारीख मला तिथंच अर्ध्या दिवसात मिळाली. पणजीच्या नावावर जमीन नव्हती, त्यामुळं ती तिथंही नाही. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहून आले. आमचं गाव, आडनाव सांगताच गुरुजींनी वही काढली आणि सात पिढ्यांची नावं वाचली, सगळी पुरुषांची. पणज्याच्या सहीखाली 'कुटुंब मयत' एवढे दोन शब्द होते, कुटुंब म्हणजे बायको. त्यावरून ती खरोखर होती आणि गेली, एवढं पक्कं झालं.

आता माझं मत जिथं बदललं ते. दहाव्या महिन्यात मी तिसरा अर्ज केला, पण या वेळी नकलेसाठी नाही, मूळ वही पाहण्यासाठी. 'अभिलेख निरीक्षण' असं त्याला म्हणतात आणि ते मागता येतं, हे मला गावच्या जुन्या तलाठ्यांनी सांगितलं. अभिलेख कक्षात त्या दिवशी निवृत्तीला आलेले एक कारकून होते. त्यांनी वही फडक्यावर ठेवली, घाई न करता मधोमध उघडली, शिवणीशी लाकडी पट्टी आडवी धरून हळूच दाबली आणि म्हणाले, "ताई, या बाजूनं वाकून बघा. हात नका लावू."

१७ ऑक्टोबर.

दसऱ्यानंतर दोन दिवस. बायकांनी सांगितलेलं खरं होतं. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल. प्रती काढणाऱ्यानं प्रत्येक पानाला तेवढं दिलं असतं तर काम कधी पुरं झालं असतं, हा हिशोब मी तिथंच मनात केला, आणि संकेतस्थळावरचा माझा राग निम्मा तरी उतरला. त्या प्रती नसत्या तर मी कुठलं पान मागायचं हेच मला कळलं नसतं. पण तुम्ही छायाचित्रावर थांबू नका आणि छापील नकलेवर तर मुळीच थांबू नका. निरीक्षण मागा. संकेतस्थळावरचा प्रतिमा क्रमांक अर्जात लिहा, म्हणजे वही लवकर सापडते. आकड्याचं छायाचित्र घ्यायची परवानगी तोंडी न मागता अर्जातच मागून ठेवा, ती मी मागितली नव्हती.

कारकुनांनी वही मिटली नाही. "साथीचं साल आहे, पुढचं पान बघून घ्या," म्हणाले आणि पान उलटलं. हे ते संकेतस्थळावर नसलेलं पान. अक्षर बदललेलं होतं. आधीच्या पानांवरचा सावकाश, गोलसर हात जाऊन घाईचा, तिरका हात आलेला. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप. मानमोडी हा शब्द एकदाही नाही. तिसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं, कारण आमचं आडनाव त्यांनी अर्जात वाचलं होतं.

१९ ऑक्टोबर. नावाच्या जागी नुसतं 'मुलगी'. बापाचं नाव माझ्या पणज्याचं. वय, दिवस ९. त्यांनी पुन्हा पट्टी धरली. कारणाच्या रकान्यात तापाऐवजी 'अशक्तता' होतं.

आबांना धाकटी बहीण होती, हे आमच्या घरात कुणीही कधी बोललेलं नाही. आबांना तरी माहीत होतं का, ते आता विचारायला कुणी नाही. पणजी बाळंतीण होती आणि सात दिवसांच्या ओल्या अंगावर ती त्या तापानं गेली, हे त्या दोन ओळी एकमेकींजवळ आल्यावरच कळलं.

परवा त्या दुसऱ्या ओळीच्या नकलेचा अर्ज देऊन आले. मूळ वहीवरून हातानं लिहून द्यावी, असं ठळक लिहिलं आहे. अर्जात 'मृताचे नाव' असा रकाना असतो. टेबलावरचा मुलगा म्हणाला, तो रिकामा ठेवून चालणार नाही. मी त्यात 'मुलगी, वय ९ दिवस' असं लिहिलं आणि पुढं आईचं नाव लिहिलं.